पूर्वेकडे तोंड करून

“तुमच्याकडे दिशा चुकली म्हणून देवळं पाडतात का हो?”

असं मला विचारणारे आजोबा ऐंशीच्या घरातले होते. डोक्यावर बियाण्यांच्या कंपनीची टोपी, पँटला गॅलिस, आणि बोलण्यात ना राग ना खोच. आमच्या खटावातला एखादा म्हातारा ‘पाऊसपाणी काय म्हणतंय तिकडं’ असं विचारतो, तशी सरळ चौकशी. आम्ही उभे होतो ते आयोवा राज्यातल्या फेअरफील्ड गावच्या जुन्या लायब्ररीच्या इमारतीत. तिथे आता जेफरसन काउंटीचं (काउंटी म्हणजे तिथला जिल्हाच) संग्रहालय आहे. त्यांनी खिशातून फोन काढून मला एक फोटो दाखवला. एका जुन्या फोटोचाच तो काढलेला फोटो होता. दगडी चॅपल, उतरतं छप्पर, पायऱ्यांवर नवरानवरी. “ही मी आणि माझी बायको,” ते म्हणाले, “आणि हे बारहाइट चॅपल. आता नाही ते.” या शतकाच्या सुरुवातीला, भावातीत ध्यान शिकवणाऱ्या महर्षी महेश योगींच्या विद्यापीठाने सगळा परिसर वास्तुशास्त्राप्रमाणे नव्याने बांधायला काढला, तेव्हा ते पाडलं गेलं. गावातल्या लोकांनी विरोध करून पाहिला. मग आजोबांनी तो प्रश्न विचारला. मी “नाही हो” म्हटलं. ते उत्तर खोटं नव्हतं, पण परतीच्या वाटेवर गाडीत बसल्यावर ते मला पटेनासं झालं.

मी लेकीकडे सीडर रॅपिड्सला आले होते. मक्याच्या त्या मुलखात पाहण्यासारखं काय आहे, असं विचारलं की सगळे जण शिकागोचा रस्ता दाखवतात. मला मात्र हे महर्षींचं गाव पाहायचं होतं. आमच्या तरुणपणी पेपरात त्यांच्या, मांडी घातल्या घातल्या उड्या घेत ‘उडणाऱ्या’ योग्यांचे फोटो यायचे, ते पक्के डोक्यात राहिले होते. एक शनिवार गाठून आम्ही निघालो. आयोवा सिटी मागे पडली, कलोना आलं. तिथे मोटारी न वापरणाऱ्या आमिश पंथाच्या लोकांच्या काळ्या घोडागाड्या रस्त्याच्या कडेने संथ चालल्या होत्या. ब्रायटन गेलं, आणि मग दोन्ही बाजूंना नुसता मका आणि सोयाबीन. जुलै सुरू होता. उन्हात तापलेल्या मक्याला एक गोडसर, ओलसर वास येतो. आपल्याकडे कणसं खुडताना येतो तोच, पण इथे तो तासभर सुटतच नाही. मध्येच वारा फिरला की दुसरा वास येई. लेक खिडकी वर करत म्हणाली, “डुकरं.”

माझे वडील तलाठी होते. कापडावर चिकटवलेले गाव नकाशे जमिनीवर पसरून ते ओणवे बसायचे, तेव्हा त्यांच्या पाठीवरून मी ते पाहत असे. आपली शेतं कुठल्याही आकाराची असतात. ओढ्याने कापलेली, वाटण्यांनी चिंधड्या झालेली, बांध कोरून कोरून वाकडी झालेली. आणि खरेदीखतात चतुःसीमा असते: पूर्वेस अमक्याचं शेत, दक्षिणेस ओढा, पश्चिमेस तमक्याची विहीर, उत्तरेस गाडीवाट. म्हणजे शेजारी सांगितल्याशिवाय जमीन कुठली ते सांगताच येत नाही. संग्रहालयात काउंटीचा जुना जमीन-नकाशा पाहताना मला वडिलांची फार आठवण आली, कारण त्यात सगळे चौकोन होते. एक मैल बाय एक मैल असा एक सेक्शन, ६४० एकरांचा. असे ३६ सेक्शन मिळून एक टाउनशिप. जमिनीचं वर्णन काय, तर ‘सेक्शन १४ च्या आग्नेय पावाचा वायव्य पाव’. शेजारी कोण, ओढा कुठे, कशाची गरज नाही. माणूस यायच्या आधीच रेघा मारून झालेल्या. वडिलांनी हे पाहिलं असतं तर आधी हरखले असते, आणि मग भांडणं नसतील तर तलाठ्याचं काम काय, असं काहीतरी म्हणाले असते.

या रेघा आखण्याचा मूळ आराखडा १७८४ साली ज्या समितीने मांडला, तिचे अध्यक्ष थॉमस जेफरसन, पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले, होते. पुढच्याच वर्षी त्याचा कायदा झाला. त्यांचंच नाव या काउंटीला मिळालं १८३९ साली. त्याआधी इथे सॉक आणि मेस्क्वाकी या मूळ रहिवाशांची वस्ती होती. १८३२, १८३७, १८४२ अशा एकामागून एक करारांनी त्यांच्याकडून सगळा प्रदेश काढून घेण्यात आला. मेस्क्वाकींनी पुढे १८५७ मध्ये टामा काउंटीत रोख पैसे मोजून थोडी जमीन विकत घेतली आणि ते परत आले. आपलीच भूमी सातबारा करून विकत घेणं म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको. धरणग्रस्तांच्या वस्त्या आपण पाहिल्या आहेत. संग्रहालयात या मूळ रहिवाशांच्या वस्तू काचेमागे आहेत. आजोबा तिथे फार थांबले नाहीत. मीही थांबले नाही, कारण मला भूक लागली होती.

त्या रेघांची एक गंमत मला लेकीने दाखवली. आयोवातला खडीचा रस्ता मैलोन्‌मैल नाकासमोर जातो आणि मध्येच, कारण नसताना, काटकोनात वळून थोडं सरकतो आणि पुन्हा सरळ लागतो. पृथ्वी गोल असल्याने उत्तरेकडे रेखावृत्तं जवळ येत जातात, चौकोन जुळेनासे होतात. मग काही मैलांवर हिशेब सावरण्यासाठी रस्त्याला असा खांदा द्यावा लागतो. रात्री दारू पिऊन गाडी हाकणाऱ्या पोरांना या वळणांनी चांगलंच खाली उतरवलं असणार.

आता ही काउंटी केवढी, तर आकाराने आपल्या एखाद्या तालुक्याएवढी, आणि माणसं २०२० च्या जनगणनेत साडेपंधरा हजारांच्या आसपास. त्यातली नऊ हजारांवर एकट्या फेअरफील्डमध्ये. बाकी बटेव्हिया, पॅकवुड, लिबर्टिव्हिल, लॉकरिज ही चिमुकली गावं. मजा म्हणजे १८६० सालीही इथे पंधरा हजारांच्या आसपासच माणसं होती. एवढ्या काळात काहीच घडलं नाही असं मात्र अजिबात नाही. जो तो इथे काहीतरी परिपूर्ण उभं करायला आला. १८४५ साली पीटर कॅसल नावाच्या स्वीडिश माणसाने आपल्या लोकांना घेऊन न्यू स्वीडन नावाची वसाहत केली. १८५४ च्या ऑक्टोबरमध्ये आयोवाची पहिली राज्य जत्रा फेअरफील्डलाच भरली. गुरं, नांगर, चीज, आणि सगळ्यांत गाजली ती बायकांची घोडेस्वारीची स्पर्धा. गर्दीला आवडली होती तेरा वर्षांची एक पोरगी. परीक्षकांनी सोन्याचं घड्याळ दिलं दुसरीला. तेव्हा लोकांनी तिथल्या तिथे टोपी फिरवून वर्गणी काढली आणि त्या पोरीच्या शिक्षणाची सोय केली. परीक्षकांचा निकाल मान्य, पण पटलेला नाही, म्हणून आपल्या खिशातून दुरुस्ती. या काउंटीचा स्वभाव मला या एका गोष्टीत जितका दिसला तितका दुसऱ्या कशात दिसला नाही.

मग विल्यम लाउडन. लहानपणी संधिवाताने आजारलेला, शेतातलं जड काम न झेपणारा मुलगा. त्याने १८६७ साली गवत उचलून गोठ्याच्या माळ्यावर नेणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं: छताखाली एक रूळ, त्यावर धावणारं गाडं, खाली दोर आणि आकडा. त्याच्या कंपनीने पुढे पंचवीस हजारांहून अधिक गोठ्यांचे आराखडे काढून दिले. अंगात बळ नसलेल्या माणसाने साऱ्या देशाच्या गोठ्यांची घडी बसवली. आणि डेक्स्टर! अमेरिकेत शिकायला गेलेल्या आपल्या पोरांनी नाणी टाकून कपडे धुतले असतील, तर त्यांतल्या कितीतरी मशीनवर हे नाव असतं. ती मशीन फेअरफील्डला बनतात. जगाला माहीत असलेलं फेअरफील्ड ध्यानाचं असलं, तरी गावातल्या बऱ्याच घरांची चूल अशा कारखान्यांवर पेटत आलेली आहे.

चॅपल ज्याचं होतं ते पार्सन्स कॉलेज १८७५ चं, प्रेस्बिटेरियन पंथाच्या ख्रिस्ती लोकांचं. सज्जन, लहान, पैशाने कायम तंग. १९५५ मध्ये तिथे मिलर्ड रॉबर्ट्स नावाचे अध्यक्ष आले आणि त्यांनी कॉलेज हा धंदा म्हणून चालवायला घेतलं. दुसरीकडे नापास झालेली, पण बापाच्या खिशात पैसा असलेली मुलं त्यांनी देशभरातून गोळा केली. काही शेकड्यांची पटसंख्या पाच हजारांच्या घरात गेली. ‘लाइफ’ मासिकाने १९६६ साली त्यांची मापं काढली, १९६७ मध्ये कॉलेजची मान्यता गेली, रॉबर्ट्स गेले, आणि १९७३ मध्ये कॉलेजला कुलूप लागलं. आजोबांना हा सगळा काळ तोंडपाठ होता. “न्यूयॉर्कची पोरं स्पोर्ट्‌स कार घेऊन यायची,” ते म्हणाले, “आमची पोरं ट्रॅक्टरवरून बघत बसायची.” त्या पोरांबद्दल ते जितक्या मायेने बोलत होते तितक्या मायेने ध्यानवाल्यांबद्दल बोलले नाहीत. नापास होणं त्यांना कळत होतं.

पुढच्याच वर्षी, १९७४ मध्ये, ती रिकामी इमारतींची माळ महर्षींच्या लोकांनी विकत घेतली आणि कॅलिफोर्नियातलं आपलं विद्यापीठ इथे आणलं. मागोमाग देशभरातून ध्यान करणारी माणसं येऊन गावात घरं घेऊ लागली. ती बहुतेक गोरी, शिकलेली, शहरी. गावकरी त्यांना ‘रू’ म्हणत, गुरूतला गु गाळून. ते गावकऱ्यांना ‘टाउनी’ म्हणत. दोन सोनेरी घुमट उठले, एक पुरुषांचा, एक बायकांचा. सकाळ-संध्याकाळ सामुदायिक ध्यानासाठी आणि त्या प्रसिद्ध उडण्यासाठी. महर्षींचा हिशेब असा की जगाच्या लोकसंख्येच्या एक टक्क्याचं वर्गमूळ इतकी माणसं एकत्र बसली की जगात शांतता येईल. तेव्हा तो आकडा सात हजारांच्या आसपास येत होता. १९८३ च्या डिसेंबरात, हाडं गोठवणाऱ्या थंडीत, खरोखरच सात हजारांवर माणसं या गावात येऊन राहिली. त्यांच्यासाठी शेतात ट्रेलरघरांची वसाहत टाकली, तिचं नाव यूटोपिया पार्क.

मला त्या आकड्यापेक्षा ती वेळ महत्त्वाची वाटते. १९८१ ते १९८६ या पाच वर्षांत आयोवातल्या शेतजमिनीची किंमत साठ टक्क्यांहून जास्त घसरली. आधी बँकांनी ‘घ्या, घ्या’ म्हणून कर्जं दिली होती, मग व्याज चढलं, भाव पडले, आणि तीन-तीन पिढ्यांची शेतं लिलावात निघाली. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या तेव्हा मध्यपश्चिमेतून येत होत्या. आपल्याकडे हे शब्द वर्तमानपत्रात नेहमीचे व्हायला अजून वेळ होता. एकीकडे कोर्टाच्या पायऱ्यांवर शेताचा लिलाव, दुसरीकडे थोड्याच अंतरावर हजारो माणसं डोळे मिटून जगाच्या शांततेसाठी बसलेली. ध्यानवाल्यांनी आणलेला पैसा, काढलेल्या कंपन्या, भरलेली दुकानं नसती तर हे गाव शेजारच्या कितीतरी गावांसारखं ओस पडलं असतं, असं बरेच जण म्हणतात. आजोबांनीही ते नाकारलं नाही. उपकार मान्य करायचे आणि तरी माणूस आवडून घ्यायचा नाही, ही त्यांची रीत मला ओळखीची वाटली. माझ्या आजीची धाकट्या जावेबद्दल हीच भूमिका होती.

दुपारी आम्ही गावाच्या उत्तरेला महर्षी वेदिक सिटीत गेलो. २००१ साली कायदेशीररीत्या स्थापन झालेलं हे स्वतंत्र नगर. मक्याच्या शेतांमध्ये ऐसपैस बंगले, प्रत्येकाच्या माथ्यावर सोनेरी कळस, प्रत्येकाचं दार पूर्वेला, मधोमध ब्रह्मस्थान, म्हणजे वास्तूचा मध्य. एके काळी त्यांनी ‘राम’ नावाच्या नोटाही काढल्या होत्या. एक साठी उलटलेल्या अमेरिकन बाई, अंगावर फिक्या रंगाचं रेशीम, आम्हांला मोठ्या प्रेमाने सगळं समजावून सांगत होत्या. मग त्यांनी विचारलं, “तुमच्या पुण्याच्या घराचं दार कुठल्या दिशेला?” कोथरुडात पाचव्या मजल्यावर माझं दार लिफ्टच्या दिशेला आहे. पण ती दक्षिण. मी “दक्षिणेला” म्हटल्यावर त्या बाईंच्या चेहऱ्यावर जी कळकळ आली, ती पाहून मला एकदम चिडल्यासारखं झालं. आमचीच गोष्ट, आम्हीच अर्धीमुर्धी टाकून दिलेली, आणि ही मिनेसोटाकडची बाई मला त्यावर उपाय सुचवतेय. त्याच वेळी कुठेतरी बरंही वाटत होतं. कळसाला उन्हात झळाळताना पाहून लेकीने निःशंकपणे हात जोडले, तेव्हा माझेही जोडले गेले.

पण खरी गंमत मला तिथे उभी असताना सुचली. वास्तुशास्त्राला इथे फारसं काही करावंच लागलं नाही. दिशा तर जेफरसनसाहेबांच्या समितीने आधीच आखून ठेवल्या होत्या. इथला प्रत्येक रस्ता पूर्व-पश्चिम नाहीतर दक्षिण-उत्तर. इथला शेतकरी पत्ता सांगताना डावं-उजवं म्हणतच नाही. दोन मैल उत्तरेला जा, मग एक मैल पूर्वेला. जगात कुठेही ब्रह्मस्थान काढायला दोर लावून मोजावं लागलं असतं, इथे ते सेक्शनच्या मध्यातच सापडायचं. सर्व्हेयरच्या चौकोनावर वेदांचा चौकोन असा बिनबोभाट बसला.

चॅपलला तेवढी ती सोय मिळाली नाही.

त्याच परिसरात कुंपणाआडच्या वसाहतीत भारतातून आणलेले तरुण पंडित राहत असत. उत्तरेकडच्या खेड्यापाड्यांतली मुलं. जगाच्या शांतीसाठी सामूहिक पाठ करायला आणलेली. २०१४ च्या मार्चमध्ये त्यांच्यातल्या काहींचा असंतोष उसळला आणि त्यांनी काउंटीच्या शेरीफच्या गाडीला घेराव घातला. काही मुलं त्याआधी-नंतर गुपचूप निघूनही गेली. त्या बाईंना मी याबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, मुलांना घरची आठवण येत असावी. असेलही. मला दिसत होती ती उणे वीसच्या वाऱ्यात धोतर सावरत पाठाला निघालेली विशीतली पोरं. त्यांच्या रुद्रपाठाची दिशा कुणीतरी अचूक आखून दिलेली होती, एवढंच.

आजोबांना द्यायचं उत्तर मला परतीच्या वाटेवर सुचलं, आणि ते लांबलचक होतं. देवळं पाडत नाही हो आम्ही दिशेसाठी. स्वयंपाकघर पाडतो, जिन्याची दिशा बदलतो, चांगली विहीर ईशान्येला नाही म्हणून बुजवतो. पुण्यात माझ्या शेजाऱ्यांनी संडास हलवला आणि खालच्या मजल्यावर वर्षभर ओल गळत राहिली. देवळं मात्र आम्ही वेगळ्या कारणांनी पाडतो. जीर्णोद्धार म्हणतो त्याला. काळ्या पाषाणाचं, हेमाडपंती वळणाचं, शेवाळलेलं देऊळ पाडून तिथे टाइल्स लावलेलं नवं उभं करतो, आणि दगड ओढ्याच्या पुलाला वापरतो. आमच्या गावच्या भैरोबाचं असंच झालं. वर्गणी आम्हीही दिली. तेव्हा महर्षींच्या विद्यापीठाने जे केलं ते पाहून परक्यांनी हळहळावं आणि मी तटस्थ राहावं, हे काही मला जमलं नाही.

पण काउंटीने तरी त्यावरून वैर धरलं नाही. २००१ पासून जवळजवळ दोन दशकं फेअरफील्डचा महापौर ध्यान करणारा माणूस होता आणि टाउनीही त्याला मतं देत राहिले. आणि मग आली डुकरं. आयोवात माणसांच्या सातपट डुकरं आहेत, बहुतेक लांबलचक बंद शेडमध्ये, हजारोंनी एकत्र. खाली खड्ड्यात मैला साठतो, शरद ऋतूत तो शेतांवर पसरतात. शेड कुणाच्या शेजारी उभी राहावी यावर काउंटीचा जवळजवळ काहीच इलाज चालत नाही. राज्याच्या कायद्याने शेतीला झोनिंगमधून, म्हणजे कुठे काय बांधावं याच्या नियमांतून, मोकळं ठेवलंय. तेव्हा जेफरसन काउंटीतल्या शेतकऱ्यांनी आणि ध्यानवाल्यांनी मिळून एक संघटना काढली. नावातच ‘शेतकरी आणि शेजारी’ आहे. दुर्गंधीपुढे रू कोण आणि टाउनी कोण. अर्थात डुकरं पाळणारेही याच काउंटीतले, त्याच चर्चमध्ये जाणारे, कर्जातच बुडालेले. चतुःसीमा नसलेल्या जमिनीत अखेर शेजारी आलाच, नाकावाटे. वडिलांना ही गोष्ट सांगायला हवी होती.

गावातून निघताना रेल्वेच्या फाटकाशी थांबावं लागलं. शिकागोहून सॅन फ्रान्सिस्कोकडे जाणारी गाडी फेअरफील्डच्या मधोमध जाते, पण इथे थांबत नाही. आधी माउंट प्लेझंटला थांबते, मग ओटम्वाला. फाटक उघडेपर्यंत लेक फोनवर घरांची यादी चाळत होती. तिला आणि जावयाला या वर्षी घर घ्यायचंय.

“आई, हे बघ, पूर्वाभिमुख. आपल्या लोकांत मागणी असते, विकताना चार पैसे जास्त येतात.”

“तळघरात पाणी येतं का ते विचार आधी,” मी म्हटलं.